रॉड बदलू नका, ताई

प्रश्न : आमचा पाणी तापवायचा रॉड १५०० वॅटचा. बादलीभर पाणी पूर्वी पंचवीस मिनिटांत कढत व्हायचं, आता पस्तीस मिनिटं होऊन जातात. वायरमन म्हणतो, रॉड मेलाय, २००० वॅटचा आणा. पुतण्यानं त्याच्या मीटरनं मोजून दिलं : रॉड चालू असताना बाथरूमच्या प्लगला १८० व्होल्ट, करंट ५.१ अँपिअर. तेव्हाच घराच्या वीजमीटरपाशी २१५ व्होल्ट. काय करू? – एक वाचक भगिनी

उत्तर : ताई, आधी पुतण्याला शाबासकी द्या. रॉड चालू ठेवून दोन ठिकाणी मोजायचं त्याला सुचलं. आयटीआयला बत्तीस वर्षं वायरमन ट्रेड शिकवला, पण हे शेवटच्या बाकापर्यंत कधी पोचलं नाही.

रॉडचा रोध, म्हणजे करंटला होणारा अडथळा, काढू. व्होल्ट भागिले अँपिअर, १८० ला ५.१ नं भागा; साधारण ३५ ओहम. आता रॉडवर छापलेल्या आकड्यांवरून पाहा : २३० चा वर्ग भागिले १५००, तेही ३५. म्हणजे रॉड ठणठणीत आहे. त्याला मिळतं तेवढंच तो काम करतो : १८० गुणिले ५.१, म्हणजे ९१८ वॅट. दाब, म्हणजे व्होल्ट, पाव हिश्श्याहून कमी घटला, पण शक्ती वर्गाच्या हिशेबानं घटते, म्हणून उष्णता थेट साठ टक्क्यांवर आली.

मग मधले ३५ व्होल्ट गेले कुठे? ३५ भागिले ५.१, जवळजवळ ७ ओहम. दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर किलोमीटरभर ओढली तरी १२ ओहम भरते. तुमच्या मीटरपासून बाथरूमपर्यंत जाऊन-येऊन तीस मीटर धरा, अर्धा ओहमसुद्धा होत नाही. तेव्हा हा सैल जोड. एखादा स्क्रू, सॉकेटची पिन, नाहीतर भिंतीतला पिळलेला सांधा. आणि तिथं ३५ गुणिले ५.१, म्हणजे १७८ वॅट उष्णता सतत निघतेय. बिलात तीही धरली जाते बरं का, शंभरातले सोळा पैसे.

आमच्याच घरी असं झालं होतं. इस्त्रीच्या बोर्डाला सडक्या मासळीसारखा वास यायचा, सौ. म्हणायची, मांजरानं काही आणून टाकलंय. बोर्ड उघडला तर स्क्रूखालची लाल वायर जुन्या गुळाच्या रंगाची झालेली, बोट लावलं की प्लॅस्टिकचा भुगा. दुसऱ्यांची वायरिंग तपासणाऱ्याचं घर!

२००० वॅटचा रॉड आणलात तर करंट साडेसहाच्या आसपास जाईल आणि त्या जोडात १७८ च्या जागी २९० वॅट जळतील. वायरमनला हा हिशेब दाखवा. मेन स्विच बंद करून त्याच्याकडून मीटरपासून प्लगपर्यंतचा प्रत्येक जोड उघडून घ्या. सॉकेट लहान, सहा अँपिअरचं असेल तर सोळाचं बसवा. हा रॉड पूर्ण दाबाला साडेसहा अँपिअर घेतो.

हे भागाकार रॉड, गिझर, इस्त्रीचे. पाण्याच्या मोटारीला लावायला जाऊ नका. दाब उतरला की ती उलट जास्त करंट ओढते.

काम झाल्यावर पुतण्याला पुन्हा बोलवा. रॉड चालू ठेवून दोन्ही ठिकाणी मोजा. दोन-तीन व्होल्टांचा फरक चालेल. त्याहून जास्त आला तर वायरमनचे पैसे थांबवा आणि मला आकडे कळवा.