न घेतलेल्या रजांचं घड्याळ

अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज दोनदा वाचला. 'सर, बाबा रिटायरमेंटचे सहा लाख एका सेकंडहँड घड्याळात घालणार म्हणतायत, तुम्ही समजवा त्यांना' अशी सुरुवात, आणि 'नाहीतर मीच एखादं नवीन, चांगलं घेऊन सरप्राइज देते' असा शेवट. मध्ये आईचं मत आहे, काकांचं आहे, मावसभावाचंही आहे. बाबांचं म्हणणं मात्र एका ओळीत उरकलंयस: त्यांना १९९० च्या आसपासचं स्टीलचं रोलेक्स डेटजस्ट हवंय, कारण १९९० साली ते रेल्वेत लागले.

मला ती एक ओळ पुरली. मी त्यांना समजावणार नाही, तुला समजावणार आहे. सरप्राइजचं तर डोक्यातूनच काढून टाक. माणूस छत्तीस वर्षांत पहिल्यांदा स्वतःला काही देतोय. त्यात 'राहू द्या, मी देते' म्हणत मध्ये पडणं म्हणजे त्याच्या हातातला घास काढून घेऊन त्यालाच भरवणं.

तुला 'सेकंडहँड' हा शब्द टोचतोय, हे कळतं. दुसऱ्याचं वापरलेलं आपण अंगाला लावत नाही, असं आपल्या घरांतून शिकवलेलं असतं. पण आजीच्या पाटल्या आईच्या हातात आल्या तेव्हा त्यांना कुणी सेकंडहँड म्हणालं होतं का? आणि बाबांना हवंय ते साल कुठल्याही शोरूममध्ये नवंकोरं मिळत नाही. त्यांच्यापुढे 'नवं की जुनं' असा प्रश्नच नाही.

पैशांचा प्रश्न आहे, तो मात्र नीट विचार. सगळी पेन्शन, ग्रॅच्युइटी, पीएफ एकत्र करून 'रिटायरमेंटचे पैसे' म्हणू नकोस. पीएफमधून काढणार असतील तर मीही नको म्हणेन. पण माझा अंदाज आहे की हे रजेचे पैसे असणार. रेल्वेत शिल्लक रजेचे जास्तीत जास्त ३०० दिवस रोखीत मिळतात. गार्डच्या घरात ते ३०० दिवस कसे साठतात, हे तूच मला एकदा डबा खाताना सांगितलं होतंस: तुमच्याकडे लक्ष्मीपूजन पंचांगाप्रमाणे नाही, बाबांच्या ड्युटीप्रमाणे व्हायचं, आणि एका वर्षी तर भाऊबीज होऊन गेल्यावर झालं. न घेतलेल्या रजांचं घड्याळ घ्यायचं, हा हिशेब मला तरी चोख वाटतो. फक्त किमतीच्या दहा टक्के आणखी बाजूला ठेवायला सांग, सर्व्हिसिंगसाठी. ते पैसे नसतील तर घड्याळ परवडलेलं नाही असं समज.

मावसभाऊ 'किंमत वाढते, इन्व्हेस्टमेंट आहे' म्हणत असेल तर त्याला चहा देऊन गप्प बसव. २०२१ मध्ये या घड्याळांचे भाव चढत गेले, २०२२ च्या सुरुवातीला आकाशाला भिडले, मग घसरले, आणि वरच्या भावाला घेतलेले कितीतरी जण अजून हात चोळत बसलेत. बाबांना विकायचं नाहीये ना? मग त्या आकड्यांशी त्यांचा काय संबंध?

आता तुझं काम. तू चार वर्षं कारखान्याच्या स्टँडर्ड्स रूममध्ये, मापं तपासायच्या खोलीत, माझ्या हाताखाली होतीस. माप बसतं की नाही, एवढंच सांगणाऱ्या गो आणि नो-गो गेजमधला फरक तुला झोपेतही कळतो. जुन्या घड्याळात तेवढी सोय नसते. तिथे सगळं 'थोडंसं' असतं: थोडं घासलेलं, थोडं बदललेलं, थोडं खोटं. शिकण्यासाठी मी पैसे मोजलेत, ती गोष्ट आधी ऐक.

१९९८ साली कंपनीच्या कामाने मुंबईला गेलो होतो. एका दुकानात फेवर-ल्युबा सी किंग दिसलं. माझ्या वडिलांच्या हातात तसंच असायचं. डायल गर्द निळी, अक्षरं झळझळीत, आणि दुकानदार शपथेवर सांगतोय की ओरिजिनल आहे. घेतलं. दुसऱ्या दिवशी कारखान्यात सहज टूलमेकर्स मायक्रोस्कोपखाली धरलं आणि पोटात गोळा आला. अक्षरांच्या कडा टीपकागदावरच्या शाईसारख्या पसरलेल्या. मिनिटांच्या खुणा सारख्या अंतरावर नाहीत. आणि मिनिटकाटा त्या खुणांपर्यंत पोचतच नव्हता, चांगला दोन मिलिमीटर अलीकडे संपत होता. काटा दुसऱ्याच घड्याळाचा. चिंचवडच्या आमच्या घड्याळजींनी पाठ उघडून पाहिली आणि म्हणाले, "साहेब, चालू आहे हो. पण हे कुणाचंच नाही." जुन्या डायली रंगवून आणि पाच घड्याळांचे भाग जमवून केलेल्या अशा मालाला जगभरचे घड्याळवेडे 'मुंबई स्पेशल' म्हणतात. आपल्या शहराचं नाव कशाकशाला लागतं बघ.

काट्यांची लांबी ही पहिली परीक्षा तेव्हापासून माझ्या डोक्यात बसली. मिनिटकाट्याचं टोक मिनिटांच्या खुणांना टेकलं पाहिजे. याला भिंगही लागत नाही, फक्त घाई नको.

दुसरी परीक्षा अंधाराची, आणि ती तुला आवडेल, कारण तिच्यात गणित आहे. १९९० च्या काळातल्या डायलवर रात्री चमकणाऱ्या खुणांसाठी ट्रिटियम नावाचं किरणोत्सारी द्रव्य असायचं. डायलच्या तळाशी, सहाच्या खाली, 'स्विस' शब्दाच्या आजूबाजूला बारीक 'टी' अक्षर दिसेल, ते ट्रिटियमचंच. त्याचं अर्धायुष्य साधारण १२.३ वर्षं. छत्तीस वर्षांत जवळजवळ तीनदा अर्धं झालं, म्हणजे उरलं एक अष्टमांश, आणि ज्या पावडरीला ते चमकवतं तीही थकलेली. असं घड्याळ अंधारात जेमतेम ओळखू येईल, बहुतेकदा तेवढंही नाही. दुकानदाराला दिवा घालवायला सांग. नव्वदचं म्हणून विकलेलं घड्याळ अंधारात हिरवंगार पेटलं, तर डायल किंवा काटे नंतर बदललेत. त्यात फसवणूक असेलच असं नाही. सर्व्हिसिंगमध्ये कंपनीही जुनी डायल बदलून देत असे. पण मग ते नव्वदचं म्हणून नव्वदच्या भावाने घ्यायचं नाही. डायलचा आणि काट्यांचा पिवळसरपणाही एकमेकांशी जुळतो का बघ. एक लोणी आणि दुसरा चुना असेल तर दोघं एका वयाचे नाहीत.

तिसरी परीक्षा कडांची. पॉलिशवाल्याचं चाक फिरलं की घड्याळाची केस, म्हणजे बाहेरचं कवच, आरशासारखी होते आणि गिऱ्हाईक खूश होतं. पण प्रत्येक पॉलिशमध्ये धातू जातो. पट्टा जिथे अडकतो त्या चारही कानांच्या कडा बघ. ठसठशीत असल्या तर छान. चघळलेल्या बडीशेपेच्या गोळीसारख्या गुळगुळीत असल्या तर घड्याळ तीन-चारदा चाकावर जाऊन आलंय. व्हर्नियर घेऊन जा, चारही कान मोज. एक दुसऱ्यापेक्षा बारीक निघाला तर दुकानदाराला तोंडाने काही बोलू नकोस, फक्त आकडे वाचून दाखव. मी असं एकदा केलंय, भाव जागच्या जागी उतरला.

ज्युबिली पट्टा, म्हणजे बारीक कड्यांचा धातूचा पट्टा, असेल तर घड्याळ आडवं, डायल बाजूला करून हवेत धर. पट्टा सरळ राहिला तर ठीक. ओल्या टॉवेलसारखा लोंबला तर कड्या झिजल्यात, आणि पट्टा बदलणं स्वस्त नाही.

मग पट्टा काढायला सांग. बारा वाजण्याच्या बाजूला, कानांच्या मध्ये, मॉडेल नंबर कोरलेला असतो; बाबांना बारीक खाचांची, पांढऱ्या सोन्याची कडा असलेलं ३६ मिलिमीटरचं हवं असेल तर तो १६२३४. सहाच्या बाजूला सीरियल नंबर. संग्राहकांच्या तक्त्यांप्रमाणे १९९० चे नंबर 'एल' किंवा 'ई' अक्षराने सुरू होतात. हे नंबर घासून पुसट झालेत किंवा पुन्हा कोरल्यासारखे दिसतायत, एवढं कारण उठून यायला पुरे आहे.

आणि पाठ उघडल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत. हे एकच वाक्य या पत्रातलं लक्षात ठेवलंस तरी चालेल. १६२३४ च्या आत ३१३५ क्रमांकाचं यंत्र असतं, १९८८ मध्ये आलेलं, तासाला २८,८०० ठोके. ते कुणीतरी प्रेमाने सांभाळलंय की दहा वर्षं सुकं चालवलंय, हे उघडल्यावर कळतं: स्क्रूंच्या खाचा ओरखडलेल्या आहेत का, कुठे तांबूस गंजाची पूड आहे का. मग टायमिंग मशिनवर ठेवायला सांग. पूर्ण चावी दिलेली, डायल वर, अशा स्थितीत अँप्लिट्यूड, म्हणजे आतलं चक्र किती अंश झोका घेतं तो आकडा, २७० अंशांच्या आसपास किंवा वर हवा. दोनशेच्या घरात दिसला तर तेल वाळलंय, सर्व्हिसिंगचा खर्च किमतीतून वजा. 'उघडलं की वॉटरप्रूफ जातं' असं कुणी म्हणालं तर त्याला सांग की वॉशर आम्ही बदलून घेऊ.

डबा आणि कार्ड नसलं म्हणून नाउमेद होऊ नका. त्या काळी आपल्याकडे अशा घड्याळांची आयात खुली नव्हती. आखातातून परतणाऱ्यांच्या मनगटावर बसून ती आली. डबे तिकडेच राहिले. उलट कोरा करकरीत डबा आणि कार्ड दिसलं तर मीच जास्त बारकाईने बघेन, कारण ते घड्याळाच्या मानाने सहज छापता येतात. कागद मात्र आपले पक्के हवेत: बिलावर मॉडेल आणि सीरियल नंबर, खोटं निघालं तर परत घेण्याचं लेखी वचन, पैसे बँकेतून. दोन लाख किंवा जास्त रोख घेणं विक्रेत्याला कायद्याने बंद आहे, तेव्हा 'कॅशमध्ये कमी लावतो' म्हणणाऱ्याकडे थांबूच नका.

घरी आल्यावरचं थोडक्यात. काच आणि वॉशर कितीही नवे असोत, पस्तीस वर्षांच्या घड्याळासह पोहायला जायचं नाही, वाफाळत्या बाथरूममध्येही नाही. माझं निवृत्तीचं ओमेगा १९६० च्या दशकातलं. पहिल्याच पावसाळ्यात बाजूची चावी नीट न दाबता मी नळाखाली हात धुतला, आणि काचेला आतून वाफ धरली. ५६५ नंबरचं ते तांब्याच्या रंगाचं सुरेख यंत्र, त्याला माझ्या आळसामुळे ओव्हरहॉलिंगला जावं लागलं. चावी पूर्ण फिरवून बसवायची, हे बाबांना सांगावं लागणार नाही. रात्री नऊ ते पहाटे तीन तारीख पुढे ढकलायची नाही, हे सांग. मोबाइलच्या चुंबकवाल्या कव्हरपासून लांब ठेवायचं.

एका गोष्टीची मात्र त्यांची तयारी आधीच करून ठेव. रेल्वेच्या जनरल रूल्समध्ये आहे की गाडी सुटण्याआधी गार्डने स्टेशनच्या घड्याळावर आपलं घड्याळ लावायचं आणि ती वेळ ड्रायव्हरला सांगायची. स्टेशनांनाही रोज दुपारी चार वाजता प्रमाणवेळ कळवली जाते. २०२२ मध्ये गार्डचे ट्रेन मॅनेजर झाले, तरी घड्याळ लावायचं काम तेच राहिलं. छत्तीस वर्षं हा माणूस दुसऱ्याच्या घड्याळाप्रमाणे स्वतःचं घड्याळ दुरुस्त करत आलाय, सेकंदापर्यंत. आणि आता तो जे घेतोय ते अचूकतेच्या प्रमाणपत्राचं असलं तरी त्या प्रमाणपत्राची मुभाच दिवसाला उणे चार ते अधिक सहा सेकंदांची. आठवड्याने अर्धा मिनिट पुढे गेलेलं बघून ते 'बिघडलंय' म्हणून दुकानात परत घेऊन जातील, असं मला आत्ताच दिसतंय. त्यांना म्हणावं, ते बिघडलेलं नाही, त्याच्यामागे कुठली गाडी सुटायची नाहीये.

दुकानात तू भिंग धर, व्हर्नियर धर, भाव कर. पण घड्याळ हातात घालून बघायचं, आवडलं की नाही ठरवायचं आणि पहिली चावी द्यायची, ते त्यांनाच करू दे.

माझं दहापट भिंग कुरियरने पाठवत नाही, हरवेल. रविवारी ये, घेऊन जा. बाबा भुसावळहून येणार असतील तर त्यांनाही घेऊन ये. माझं ओमेगा सध्या दिवसाला अकरा सेकंद पुढे जातंय, आणि त्याबद्दल मला एका गार्डचं मत हवंय.

तुझा,
सर