जुन्या नॅसवर ओपन-सोर्स फर्मवेअर घालावे का?

प्रश्न : आमच्याकडे दोन डिस्कचा नॅस (घरच्या नेटवर्कवर फाइली साठवणारी पेटी) सुमारे दहा वर्षांपासून आहे. त्यात मुलीच्या बारशापासूनचे फोटो आणि घराच्या कागदपत्रांच्या स्कॅन केलेल्या प्रती आहेत. कंपनीने अपडेट देणे थांबवले आहे. त्यावर ओपन-सोर्स फर्मवेअर (उपकरण चालवणारे, कोणालाही वापरता-बदलता येणारे सॉफ्टवेअर) घालावे का, आणि घातल्यास फोटो राहतील का? – एक वाचक, ऐरोली

उत्तर : घालावे, मात्र फोटो आत ठेवून नव्हे. आधी वेगळी यूएसबी डिस्क घेऊन तिच्यावर सगळ्याची प्रत काढावी आणि त्यातल्या दहा-वीस फाइली लॅपटॉपवर उघडून पाहाव्यात. दोन डिस्कवर तेच लिहिले जाते, म्हणजे रेड-१ आहे, म्हणून बॅकअप आहे असे समजू नये. चुकून पुसलेली फाइल दोन्हींवरून एकदमच जाते. ही प्रत नॅस धडधाकट चालू असतानाच काढावी, कारण काही जुन्या नॅसमधली डिस्क ६४ केबीच्या ब्लॉकने फॉरमॅट केलेली असते आणि ती काढून साध्या संगणकाला जोडली, तर लिनक्सलाही ती सहजासहजी उघडता येत नाही.

अपडेट नसलेला नॅस इंटरनेटला जोडून ठेवणे किती महागात पडते, हे जून २०२१ मध्ये दिसले. वेस्टर्न डिजिटलच्या 'माय बुक लाइव्ह'ला शेवटचे फर्मवेअर २०१५ मध्ये मिळाले होते. त्यातल्या त्रुटींमुळे अनेकांच्या डिस्क बाहेरूनच पुसल्या गेल्या.

आता फर्मवेअरकडे वळू. ट्रूनॅस या नॅससाठीच्या ओपन-सोर्स प्रणालीला ६४ बिटी इंटेल किंवा एएमडी प्रोसेसर आणि किमान ८ जीबी मेमरी लागते, त्यामुळे तुमच्या नॅसवर ते बहुधा चालणार नाही. दहा वर्षांपूर्वीच्या घरगुती नॅसमध्ये बहुतेक वेळा एआरएम (मोबाइलमध्ये असते त्या जातीची) चिप असते. अशा काही मॉडेलांवर डेबियन किंवा ओपनडब्ल्यूआरटी या लिनक्सवरच्या प्रणाली चालतात. परंतु मॉडेलच्या नावावर न जाता आतल्या चिपचे नाव आणि बोर्डाची आवृत्ती जुळवून पाहावी, कारण नाव तेच ठेवून आतला बोर्ड बदललेला असू शकतो.

खरी कसोटी सिरियल कन्सोलची, म्हणजे नॅसच्या बोर्डाशी थेट तारेने बोलण्याच्या वाटेची. बोर्डावर बहुधा चार पिनांची एक ओळ असते. लॅमिंग्टन रोडवर मिळणारी यूएसबी-टीटीएल केबल तिला जोडली, की बूटलोडर (वीज लागताच आधी चालणारा, फर्मवेअर सुरू करणारा छोटा प्रोग्रॅम) काय म्हणतो ते पडद्यावर वाचता येते. केबल ३.३ व्होल्टचीच घ्यावी. टीएक्स (पाठवणारी पिन) आरएक्सला (घेणाऱ्या पिनेला), आरएक्स टीएक्सला आणि ग्राउंड ग्राउंडला जोडावे. विजेची चौथी तार मोकळी सोडावी. घाईत ५ व्होल्टची केबल लावून मी एक बोर्ड कायमचा गमावला आहे, म्हणून हे मुद्दाम सांगतो. पडद्यावर अगम्य चिन्हे उमटली, तर बहुधा संगणकावर निवडलेला कन्सोलचा वेग चुकलेला असतो. पुष्कळ उपकरणांत तो सेकंदाला ११५२०० बिट असतो.

पहिला प्रयोग दोन्ही डिस्क बाहेर काढून, एखादी जुनी रिकामी डिस्क लावून करावा. बूटलोडरला हात लावू नये. तो शाबूत असेल, तर फसलेले फर्मवेअर बहुतेक वेळा पुन्हा घालता येते. तो गेला, तर दुरुस्ती घरच्या घरी होण्यासारखी राहत नाही. लिहिणे चालू असताना वीज जाऊ नये म्हणून नॅस यूपीएसवर ठेवावा. इन्व्हर्टरवर चालू होताना क्षणभर होणारा खंडही तेव्हा पुरेसा घातक ठरतो.

कन्सोलच्या पिना सापडल्या नाहीत, तर मी तरी हा खटाटोप करणार नाही. जुना छोटा डेस्कटॉप घेऊन त्यावर ओपनमीडियाव्हॉल्ट (साध्या संगणकाचा नॅस करणारी ओपन-सोर्स प्रणाली) घालीन, फोटो यूएसबी डिस्कवरून त्यात उतरवीन आणि जुना नॅस राउटरपासून सोडवून टाकीन.