ताई, आधी ते वेळापत्रक काढून टाका

ताई, मुलीला शाळेत न घालता घरीच शिकवायचं म्हणून भिंतीवर लावलेलं ते वेळापत्रक आधी काढून टाका बरं. आम्हीही पहिल्या वर्षी घरातच शाळा भरवली होती, अगदी घंटेसकट, आणि दोन महिन्यांत मी आणि मुलगी दोघी रडकुंडीला. सध्या एवढंच धरा:

- सकाळी रियाज, २० मिनिटं, तानपुऱ्याचं अ‍ॅप लावून नुसता सा. पलट्यांची (सुरांच्या उलटसुलट ओळींची) घाई नको. ग्वाल्हेरात राहतोय तर डिसेंबरात तिथल्या तानसेन समारोहाला, म्हणजे शास्त्रीय संगीताच्या महोत्सवाला, न्या, कंटाळली की उठून या.

- संध्याकाळी दिवा, शुभंकरोती, पण पाठ झालं का म्हणून परीक्षा घेऊ नका, ही चूक सगळेच करतात. माझी एकदा दिव्यापुढेच हळूच म्हणाली, आई मी रियाज केलाच नव्हता, खोटं बोलले. मी काही बोलले नाही, पेटी काढली आणि दोघी बसलो.

- रोज मोठ्यानं मराठी वाचन. नाहीतर घरातसुद्धा हिंदीच सुरू होते (आमच्याकडे झालंच).

बोर्डाचं टेन्शन आत्ता कशाला, एनआयओएसच्या (घरी शिकून परीक्षा देता येणारं सरकारी मुक्त विद्यालय) दहावीला वयाची १४ पूर्ण झाल्यावर प्रवेश घेता येतो, तुमची तर ७ चीच आहे. शेजारच्या काकू विचारतीलच शाळेत का घालत नाही म्हणून, त्यांना चहा द्या.