व्हिएतनाम की उझबेकिस्तान? दिवाळीच्या सात दिवसांचा हिशेब

प्रश्न : दिवाळीत मी, नवरा आणि सासूबाई असे तिघं पहिल्यांदाच परदेशी जायचं म्हणतोय. रजा सातच दिवस, मुंबईहून निघणार. व्हिएतनाम आणि उझबेकिस्तान असे दोन बेत आहेत. ताश्कंदचं तिकीट जरा स्वस्त मिळतंय. सासूबाईंना अंडंही चालत नाही. कुठे जावं? — एक वाचक, नाशिक

उत्तर : या खेपेला व्हिएतनाम, आणि तोही फक्त उत्तरेचा. जाण्या-येण्याचे दोन दिवस वजा केले की हातात पाच उरतात. ते पाच कुठे सत्कारणी लागतील एवढंच बघा. तिकिटातला फरक त्यापुढे किरकोळ आहे.

उझबेकिस्तानात खरी अडचण सासूबाईंच्या जेवणाची. तिथला पलोव म्हणजे तांदूळ, गाजर आणि मटण एकाच कढईत, तेही बऱ्याचदा मेंढीच्या शेपटीच्या चरबीत शिजवलेलं. 'मांस नको' म्हटलं तर वरचे तुकडे बाजूला करून तोच भात ताटात येतो. लाल भोपळ्याचा सोमसा, म्हणजे तिथला समोसा, शाकाहारी दिसतो, पण त्यातही चरबी घालायची रीत आहे. मग उरते तंदूरमधली गरम नान, टोमॅटो-कांद्याची कोशिंबीर, फळं आणि सुकामेवा. शिवाय नोव्हेंबरात संध्याकाळी चांगलीच थंडी पडते. एरवी देश खिशाला सोपा आणि फार देखणा आहे. ताश्कंदहून समरकंद अफ्रोसियाब या वेगवान गाडीने साधारण सव्वादोन तासांवर, त्याच मार्गाने पुढे बुखारा. तिकिटं मात्र विक्री सुरू होताच काढावीत, नाहीतर तासन् तास संथ गाडीत जातात. तुम्ही दोघं एखाद्या एप्रिलमध्ये नक्की जा.

हनोईत 'चाय' लिहिलेली पाटी शोधा. रोमन अक्षरं सी-एच-ए-वाय. अर्थ शाकाहारी, चहाशी संबंध नाही. साध्या हॉटेलात नुसती भाजी मागवली तरी तिच्यात माशांचं आंबवलेलं पाणी, नुओक माम, पडतं. 'चाय'च्या ठिकाणी ते नसतं. अंड्याबद्दल मात्र दर वेळी विचारा.

'सात दिवसांत अख्खं व्हिएतनाम' असं पॅकेज घेऊ नका. हनोई ते हो चि मिन्ह सिटी रेल्वेने 1726 किलोमीटर आहे, आणि देशांतर्गत प्रत्येक विमान अर्धा दिवस खातं. मधला पट्टा, म्हणजे दा नांग, होई आन, ह्युए, ऑक्टोबर-नोव्हेंबरात पावसाचा. होई आनच्या जुन्या गल्ल्यांत नदीचं पाणी शिरतं. उत्तरेत त्याच दिवसांत हवा छान असते.

दोन दिवस हनोई, एक हा लाँगची खाडी, दोन निन्ह बिन्ह. खाडीतल्या बोटी हवा बिघडली की बंद ठेवतात, म्हणून हा लाँग शेवटच्या दिवसावर टाकू नका. निन्ह बिन्हला त्रांग आनची वल्ह्याची होडी आहे. फेरी जवळपास तीन तासांची, बैठक अगदी खाली, आणि गुहांमध्ये छत इतकं टेकलेलं की मान वाकवावी लागते. सासूबाईंचे गुडघे दुखत असतील तर हे आधी विचारात घ्या.

प्रश्न : व्हिसा घरबसल्या काढता येतो का?

उत्तर : येतो. व्हिएतनामचा एकदा प्रवेशाचा ई-व्हिसा माणशी 25 डॉलर. तो सरकारी संकेतस्थळावरूनच काढा. तशाच दिसणाऱ्या खासगी साइट बरेच जास्त पैसे घेतात. व्हिसा हाती यायला कामकाजाचे तीन दिवस सांगतात, तरी दोन-तीन आठवडे हाताशी ठेवा. अर्ज फेटाळला तरी शुल्क परत मिळत नाही. नाव पासपोर्टच्या तळाशी छापलेल्या दोन ओळींशी ताडून भरा. आडनाव आणि नाव यांची अदलाबदल झाली की विमानतळावर अडवतात. तारखेतही गफलत होते. मुंबईहून रात्री निघालेलं विमान दुसऱ्या दिवशी उतरतं, तेव्हा प्रवेशाची तारीख उतरण्याची लिहा. छापील प्रत प्रत्येकाजवळ वेगळी असू द्या.

आणि तिथे पोचल्यावर नोटा वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवा. डाँग हे तिथलं चलन. 20 हजार डाँगची आणि 5 लाखांची, दोन्ही निळसर, दोन्हींवर हो चि मिन्ह यांचंच चित्र. टॅक्सीच्या अंधारात चुकीची नोट गेली तर पंचवीसपट पैसे जातात.