पडझडीनंतर शहर ‘तेच’ कसं राहतं?

प्रश्न : पुरात आमच्या शहराचा जुना भाग गेला. पाच-सहा भाषा बोलणारी माणसं तिथं भिंतीला भिंत लावून राहत होती. आता नवे आराखडे येताहेत, स्मारकाची मागणी होते आहे. रहिवासी म्हणून आम्ही आधी काय धरावं?

उत्तर : आधी शेजार धरा. स्मारक दहा वर्षांनीही उभारता येईल, पांगलेला शेजार पुन्हा गोळा होत नाही. जपानमधल्या कोबे शहरात १७ जानेवारी १९९५ च्या भूकंपानंतर तात्पुरती घरं बहुतांशी सोडतीनं दिली, वृद्ध आणि अपंगांना अग्रक्रम देऊन. हेतू चांगलाच होता. पण एका गल्लीतली माणसं दूरदूरच्या वसाहतींत विखुरली, आणि एकटे पडलेले वृद्ध कुणाला कळण्याआधीच घरात मरण पावल्याच्या घटना घडू लागल्या. जपानमधल्याच २००४ च्या निइगाता भूकंपानंतर यामाकोशी गावच्या लोकांना वाडीवार एकत्र ठेवलं, ते याच धड्यामुळे.

म्हणून निवारा छावण्या उठण्याआधीच गल्लीवार नकाशा काढून नोंद करा. १ सेंटिमीटरला ५ मीटर असं प्रमाण घेतलं, की १०० मीटरची गल्ली २० सेंटिमीटरमध्ये बसते. घरागणिक लिहा : कोण राहत होतं, कोणती भाषा, मालक की भाडेकरू, उजवी-डावीकडे कोण. मग घरांपलीकडच्या खुणा : संध्याकाळी बायका बसायच्या ती दुकानाची पायरी, प्रार्थनेची जागा, सामायिक नळ. आराखड्यात या जागा हमखास गळतात, कारण त्या कुणाच्याच नावावर नसतात. नकाशाच्या दोन प्रती करा आणि एक शहराबाहेर ठेवा.

यात सर्रास चूक होते ती एकच : यादी मालमत्तेच्या कागदांवरून बनते आणि भाडेकरू नाहीसे होतात. बहुभाषिक वस्तीत नव्यानं आलेले लोक बहुधा भाड्यानंच राहतात, म्हणजे एक अख्खी भाषाच गल्लीतून जाते. कुटुंबप्रमुखालाच विचारलं, तर पायरीची आठवण कुणी सांगत नाही.

सूचना प्रत्येक भाषेत, आणि बोलून द्या. कोबेच्या नागाता भागात बूट-चपलांच्या कारखान्यांत कोरियन आणि व्हिएतनामी कामगार मोठ्या संख्येनं होते. भूकंपानंतर तिथं कोरियन, मग व्हिएतनामी भाषेत रेडिओ सुरू झाला, आणि त्यांतूनच पुढं ‘एफएम वायवाय’ हे बहुभाषिक केंद्र उभं राहिलं.

भरपाईचं सूत्रही नीट वाचा. अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्समध्ये २००५ च्या कॅटरिना वादळानंतर घरमालकांना मिळणारी मदत घराची आधीची किंमत किंवा दुरुस्तीचा खर्च, यांपैकी कमी आकड्यावर बेतली होती. कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांत घरांच्या किमती कमी, त्यामुळे तेवढ्याच नुकसानीला त्यांना कमी पैसे मिळाले. ‘दुरुस्तीचा खर्च’ हाच आधार मागा.

प्रश्न : जुन्या इमारती हुबेहूब उभारल्या तर ओळख टिकेल का?

उत्तर : दर्शनी रूप टिकेल. पोलंडची राजधानी वॉर्सॉ, तिथलं जुनं शहर दुसऱ्या महायुद्धानंतर १८ व्या शतकातल्या चित्रांचा आधार घेऊन इतकं नेटानं उभारलं, की १९८० मध्ये ते जागतिक वारसा यादीत गेलं. पण युद्धापूर्वी वॉर्सॉत सुमारे ३० टक्के ज्यू होते. त्यांच्या मुरानुव भागात ढिगाऱ्यावरच, त्याच विटांचा चुरा वापरून नवी वसाहत उभी राहिली. तिथली भाषा परतली नाही, कारण ती बोलणारेच उरले नव्हते. तुमच्याकडची माणसं आहेत. दगडांच्या मापाआधी त्यांचे पत्ते लिहून घ्या.