साताऱ्यात घर घ्यावं की सांगलीत?

तुम्ही विचारलंय की नोकरी पुण्यात, आई-वडील तासगावला, हाताशी 45 ते 50 लाख, आणि दोन्ही शहरं वाढताहेत, तर कुठं घेतलेल्या घराची किंमत जास्त वाढेल.

किंमत शहराची वाढत नाही, त्या गल्लीची वाढते. सांगलीत एकाच रस्त्याच्या दोन टोकांना दोन वेगळे भाव असतात आणि कारण तिथल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असतं: "तुमच्याकडं किती फुटाला पाणी येतं?" हा आकडा कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ मोजलेल्या पाण्याच्या पातळीचा. 40 फूट इशारा, 45 फूट धोका. सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर, काकानगर या भागांत आधी पाणी येतं, मग मारुती चौक, टिळक चौक, हरिपूर रोड असं चढत जातं. 2005 ला पातळी 53 फुटांच्या पुढं गेली, 2019 ला 57 च्या पुढं, आणि 2021 ला परत 50 च्या वर. तरीही "2019 चा पूर शंभर वर्षांतनं एकदाचा होता, आता नाही येत" असं सांगून प्लॉट विकणारे आहेत. 2005 ते 2021 या 17 वर्षांत तीनदा आलेल्या पाण्याला शंभर वर्षांतनं एकदाचं म्हणणं ही फसवणूक आहे, आणि मी ते प्रत्येकाला तोंडावर सांगतो. पूर कर्नाटकातल्या अलमट्टी धरणामुळं येतो की कोयना धरणाच्या विसर्गामुळं हे भांडण चालत राहील. त्यानं तुमच्या घराचं जोतं, म्हणजे ज्यावर घर उभं असतं तो चौथरा, एक इंचही उंच होत नाही.

आकडा स्वतः काढता येतो. जागेजवळच्या जुन्या घराच्या भिंतीवर 2019 ची खूण दाखवायला सांगा. शेजारी आनंदानं दाखवतात, एजंट दाखवत नाही. टेप लावून ती खूण रस्त्यापासून किती उंच आहे ते मोजा. समजा 4 फूट भरली. त्या वेळची पातळी साधारण 57 धरली तर तुमच्या रस्त्यावर पाणी 53 फुटाला येतं. जोतं रस्त्यापासून अडीच फूट असेल तर 55 च्या पुढं ते उंबऱ्यात. हा हिशोब ढोबळ आहे. पक्कं हवं असेल तर सर्व्हेअरकडनं लेव्हल काढून घ्या, तो खर्च घराच्या किमतीपुढं काहीच नाही. सोबत महापालिकेच्या नकाशावर निळी आणि लाल पूररेषा बघा. निळी 25 वर्षांतनं एकदा येणाऱ्या पुराची, लाल 100 वर्षांतनं एकदा येणाऱ्या पुराची. निळीच्या आत काही घेऊच नका. दोन्हींच्या मधे बांधकामावर अटी असतात, त्यामुळं तिथं घेणार असाल तर मंजूर नकाशातली जोत्याची पातळी आणि जागेवरची पातळी ताडून बघा.

नदी लांब आहे म्हणून निश्चिंत राहू नका. पाणी समोरनं कमी आणि मागनं जास्त येतं, शेरीनाल्यातनं, गटारातनं, शेवटी संडासच्या भांड्यातनं. खालीच हरिपूरला वारणा मिळते, ती भरलेली असली की कृष्णा तुंबते, आणि उतार कमी असल्यानं चढलेलं पाणी पटकन ओसरत नाही. म्हणून "फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर आहे, मला काय" हे म्हणणं चुकीचं. खाली मीटरचा बोर्ड, लिफ्टचा खड्डा, जमिनीखालची पाण्याची टाकी आणि पंप असतो. हे बुडलं की वरचा माणूस कोरडा राहूनही पाण्याविना, विजेविना अडकतो. मीटर पहिल्या मजल्याच्या उंचीला घेतलेत का, टाकीचं झाकण कुठल्या पातळीला आहे, ड्रेनेजला पाणी उलटं येऊ न देणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह आहे का, एवढं जाऊन डोळ्यांनी बघा.

सांगलीची दुसरी अडचण काळी माती. पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते. खिडकीच्या कोपऱ्यातनं तिरकी गेलेली भेग, भिंतीपासून सुटलेली कडेची फरशी, पावसाळ्यात घट्ट होणारं दार, ही तिची लक्षणं. पाया मुरमापर्यंत नेलाय की अंडर-रीम्ड पाइल (जमिनीत खोल नेलेले, तळाशी फुगीर खांब) केलेत ते बिल्डरला विचारा आणि स्ट्रक्चरल ड्रॉइंग मागा. सखल प्लॉट भराव टाकून वर आणलेला असेल तर दुप्पट काळजी, कारण भराव दोन-तीन पावसाळे बसत राहतो. शामरावनगरसारख्या भागात नदी न येताही पावसाचंच पाणी साठून राहतं, त्याचं कारणही सखलपणा आणि ही माती. शिवाय सांगलीत गुंठेवारी, म्हणजे रीतसर परवानगीशिवाय गुंठ्या-गुंठ्यानं पाडून विकलेले प्लॉट, फार. 2001 च्या कायद्यानं ती नियमित करून घेता येते, पण नियमितीकरणाचा दाखला विक्रेत्याच्या हातात असला पाहिजे. "अर्ज केलाय" याला काही अर्थ नाही.

साताऱ्यात हे पाणी नाही. कृष्णा-वेण्णेचा संगम खाली माहुलीला, गाव वर. तिथला घोळ उताराचा. शाहूनगर, गोडोलीची डोंगराकडची बाजू, यवतेश्वराच्या पायथ्याकडं सरकणारे प्लॉट हे डोंगर कापून आणि तीच माती पुढं टाकून सपाट केलेले असतात. अर्धं घर कापलेल्या मुरमावर, अर्धं भरावावर. भरावाची बाजू खचते आणि घर बरोबर मधोमध चिरतं. मागं संरक्षक भिंत असेल तर तिला पाणी निघायला छिद्रं आहेत का आणि पावसात त्यांतनं पाणी खरंच येतं का ते बघा. कोरडी छिद्रं म्हणजे पाणी भिंतीमागं साठतंय. 1:5 पेक्षा (पाच फुटाला एक फूट) तीव्र उतारावर बांधकामाला परवानगी मिळत नाही, तेव्हा "पुढं होईल" म्हणून विकलेल्या अशा प्लॉटला हात लावू नका.

साताऱ्याचं घर जुलै-ऑगस्टमध्येच बघावं. पावसाची ओल आलीय का ते कळायला पश्चिमेची भिंत हातानं चाचपा, कपाटाच्या मागं वास घ्या. आणि पाणी कोण देतं ते विचारा, पालिका की जीवन प्राधिकरण, कुठल्या वेळेला, किती दाबानं. 2020 च्या हद्दवाढीत शाहूपुरी, विलासपूर, दरे खुर्द पालिकेत आले, पण हद्दीत येणं आणि नळाला पाणी येणं या दोन वेगळ्या गोष्टी.

कागद दोन्हीकडं तेच. 30 वर्षांचा सर्च, म्हणजे मालकीच्या जुन्या नोंदींचा शोध, स्वतःच्या वकिलाकडनं, बिल्डरच्या वकिलाकडनं नाही. भोगवटादार वर्ग 2 (सरकारी परवानगीशिवाय विकता न येणारी जमीन), देवस्थान किंवा वतन जमीन, सातबाऱ्यावर 'इतर हक्कां'त कुळाचं नाव दिसलं की थांबा. जागा 500 चौरस मीटरपेक्षा मोठी आणि घरंही 8 पेक्षा जास्त असतील तर प्रकल्पाची महारेरा (राज्याचं गृहप्रकल्प नियामक प्राधिकरण) नोंदणी लागतेच, आणि करारनामा नोंदवण्याआधी 10 टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम बिल्डरला घेता येत नाही.

आता तुमच्या बजेटचं. बांधकाम चालू असलेला फ्लॅट 45 लाखांच्या आत आणि कार्पेट (भिंतींच्या आतलं वापराचं क्षेत्र) 90 चौरस मीटरपर्यंत असेल तर जीएसटी 1 टक्का, म्हणजे 45 लाखांवर 45 हजार. 46 लाख झाले की 5 टक्के, म्हणजे 2 लाख 30 हजार. पार्किंगचे वगैरे पैसे वेगळे लावून बिल्डर ही रेघ ओलांडायला लावतो, म्हणून एकूण आकड्यावर बोला. भोगवटा प्रमाणपत्र मिळालेलं घर घेतलं तर जीएसटी नाहीच. बायकोच्या किंवा आईच्या एकटीच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात 1 टक्का सवलत.

"सातारा मधे पडतं, दोघांना सोयीचं" म्हणून फ्लॅट घेऊन ठेवणारे मला अजिबात पटत नाहीत. तुम्ही पुण्यात, आई-वडील तासगावला, आणि मधल्या फ्लॅटला चार महिने कुलूप. पावसात बंद घराला बुरशी लागते, सोसायटीचा मेंटेनन्स चालू राहतो, भाड्यात तो फिटत नाही. तुम्ही स्वतः आठवड्याला येऊन राहणार असाल, तर सातारा घ्या. पुणे 110 किलोमीटर, महामार्ग दारात, यापेक्षा चांगलं काही नाही. पण आई-वडिलांसाठी घेत असाल तर विश्रामबाग, विजयनगर किंवा मिरजेच्या बाजूला उंचावर घ्या. मिरजेची हॉस्पिटलं जवळ, तासगाव तासाच्या आत, नातेवाईक येत-जात राहतात. मला तुमच्या प्रश्नावरून ही दुसरी गोष्टच, म्हणजे आई-वडिलांसाठीचं घर, खरी वाटतेय.

एक राहिलं. विश्रामबाग म्हणजे सगळं कोरडं असंही नाही, तिथंही नाल्याकाठचे प्लॉट आहेत, टेप तिथंही लावा. आणि वडीलधाऱ्यांसाठी घेताना लिफ्टला जनरेटर बॅकअप आहे का ते मेन स्विच पाडायला लावून बघा.