‘प्रजाती’ की ‘जाती’? सह्याद्रिया माशाच्या निमित्ताने

चाळीसगावच्या एका शिक्षिकेने विचारलं आहे: ‘सह्याद्रिया ही माशांची प्रजाती धोक्यात’ असं एका बातमीत वाचलं, पुढे त्याच बातमीत ‘या प्रजातीच्या दोन प्रजाती’ असं होतं. वर्गात काय सांगू?

पहिलं वाक्य बरोबर, दुसरं चूक. मराठी परिभाषेत ‘जीनस’ म्हणजे प्रजाती आणि ‘स्पीशीज’ म्हणजे जाती. जीनससाठी ‘वंश’ हाही जुना पर्याय आहे. हिंदीत मात्र ‘प्रजाति’ हा शब्द सर्रास स्पीशीजसाठी वापरतात, आणि हिंदीवरून घाईने उतरवलेल्या बातमीतून तोच अर्थ आपल्याकडे येतो. मला दुसरंही एक कारण दिसतं. ‘जात’ म्हटलं की आपल्या मनात समाजातली जात आधी येते, म्हणून लिहिणारा बिचकतो आणि ‘प्रजाती’ला शिष्ट समजून तिचा आसरा घेतो. बोलताना कुणी बिचकत नाही. गिरणेकाठी ‘हाई कोनती जातनी मासोयी शे?’ असंच विचारतील, आणि ते शास्त्रालाही धरून आहे.

आपल्याकडे मुलांना समजवायला केळी आहेच. म्युसा ही प्रजाती, म्युसा ॲक्युमिनाटा ही तिच्यातली एक जाती, आणि बसराई किंवा ग्रँड नैन हे वाण. केळी लावणारा शेतकरी ‘वाण’ हा शब्द अगदी नेमका वापरतो. वरच्या दोन पायऱ्यांवर आपण घसरतो.

आता मासा. सह्याद्रिया ही प्रजाती 2013 मध्ये वेगळी केली गेली. नाव अर्थातच सह्याद्रीवरून. तिच्यात दोन जाती: डेनिसोनी आणि चालक्कुडिएन्सिस. डेनिसोनीचं वर्णन फ्रान्सिस डे यांनी 1865 मध्ये केलं आणि मद्रासचे गव्हर्नर डेनिसन यांचं नाव तिला दिलं. पूर्ण वाढलेला मासा वीतभरही नसतो. तोंडापासून अर्ध्या अंगापर्यंत लाल पट्टा, त्याखाली शेपटीपर्यंत गेलेली काळी रेघ. हे देखणेपणच त्याच्या मुळावर आलं: काचेच्या टाक्यांत ठेवायला ‘मिस केरळ’ या नावाने तो नदीतून बेसुमार पकडला गेला. धरणं आणि वाळूउपसा यांनी नद्या बिघडल्या ते वेगळंच. दोन्ही जाती संकटग्रस्त ठरल्या आहेत.

गिरणाही सह्याद्रीतच उगम पावते, म्हणून हा मासा आपल्याकडे असेल असं मुलांना वाटू शकतं. तसं नाही. तो केरळ आणि दक्षिण कर्नाटकातल्या, घाटातून अरबी समुद्राकडे उतरणाऱ्या नद्यांतला आहे.

रोमन लिपीत प्रजातीच्या नावाचं पहिलं अक्षर मोठं आणि जातीच्या नावाचं लहान असतं, त्यामुळे कोणतं काय ते डोळ्यांनाच कळतं. देवनागरीत ती सोय नाही. ‘सह्याद्रिया डेनिसोनी’ या दोन शब्दांतला फरक आपल्याला ‘प्रजाती’ आणि ‘जाती’ हेच शब्द नीट वापरून सांगावा लागतो. बातमीत ‘एक प्रजाती नष्ट’ असं आलं, तर सह्याद्रियाच्या बाबतीत त्याचा अर्थ दोन्ही मासे गेले असा होतो. गेलेली एकच जाती असेल, तर दुसरी वाचवायला अजून वेळ असतो.

फळ्यावर असं लिहा: ‘सह्याद्रिया या प्रजातीतल्या दोन्ही जाती संकटग्रस्त आहेत.’ ‘जाती’ हे रूप एकवचनातही चालतं, म्हणून ‘डेनिसोनी ही जाती’ बरोबर आहे. ‘ही जात’ लिहिलंत तरी मी चूक म्हणणार नाही.